वही अर्धी राहू दे, पण ती त्याची असू दे

'अक्का, नमस्कार. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडं राहतो. मुलगा सरकारी मराठी शाळेत चौथीला, मोठी मुलगी सातवीला. पाऊस लागला की शाळेला सुट्टी पडते. ओढ्यावरून पाणी जातं, लाईट नसते. गुरुजी व्हॉट्सॲपवर होमवर्क पाठवतात, पण फोन मालकांबरोबर उद्यमबागेत कारखान्याला जातो, तो रात्री नऊला येतो. माझं माहेर चंदगड तालुक्यातलं, शिक्षण नववीपर्यंत, तेही मराठीतून. कन्नडचं एक अक्षर मला येत नाही. मुलगा अभ्यासाला बसत नाही. परवा मी त्याला मारलं. शेवटी रात्री मीच त्याच्यासारखं अक्षर काढून वही लिहिते आणि फोटो पाठवते. कन्नडचं मोठीकडून लिहून घेते. गुरुजी अंगठा पाठवतात. सासूबाई म्हणतात, सुट्टीत कसला अभ्यास. मोठीचं काही बघावं लागत नाही, ती शहाणी आहे, मी लावणीला गेले की घर तीच सांभाळते. पोराचं काय करू सांगा की. मी शिकवायला कमी पडते असं वाटतं.'
– एक आई

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी ते रात्रीचे फोटो थांबवा. आजपासूनच.

तुम्ही ते का करता हे मला कळतं. ग्रुपवर बाकीच्या मुलांच्या वह्या एकामागून एक येऊन पडतात, आपल्या पोराचं नाव मागं राहिलेलं दिसतं, आणि दिवसभर चिखलात वाकून लावणी करून आलेल्या बाईच्या अंगात तेव्हा पोराशी हुज्जत घालायचं त्राण नसतं. पण त्या फोटोवरून गुरुजींना काय कळतं ते बघा. त्यांना कळतं की हातच्याची वजाबाकी या मुलाला जमली, कन्नडची वाक्यं याला लिहिता आली. शाळा उघडली की ते पुढचा धडा घेणार. तुमचा मुलगा मात्र तिथंच, सुट्टी लागली तेव्हा होता त्या जागी बसलेला असणार, आणि आता त्याला 'मला येत नाही' असंही म्हणता येणार नाही, कारण वहीत तर सगळं बरोबर आलंय. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. पूर्ण भरलेल्या वहीपेक्षा मुलानं स्वतः लिहिलेली, खाडाखोड केलेली, अर्ध्यात सोडलेली वही शिक्षकाच्या कितीतरी जास्त उपयोगाची असते. ती कुठं थांबली, तिथून शिकवायला सुरुवात करता येते.

म्हणून गुरुजींना एक साधा निरोप पाठवा: 'गुरुजी, मागचे काही दिवस वही मी लिहून दिली होती. यापुढं त्याचं जेवढं होईल तेवढंच पाठवीन. त्याला काय जमत नाही ते शाळेत आल्यावर जरा बघा.' तुम्हाला लाज वाटेल, पण पाठवा. असा निरोप आला की बहुतेक शिक्षकांना बरंच वाटतं, कारण घरात नेमकं काय चाललंय हे त्यांना सहसा कुणी सांगत नाही.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. दोन दिवसांची पावसाळी सुट्टी म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही. पण तुमच्या भागात ते दोन दिवस म्हणता म्हणता आठवडा होतो, मग पुन्हा तीन दिवस, शिवाय पूल पाण्याखाली असला की शाळा सुरू असूनही मूल घरीच. कोरोनात हे किती लांबलं ते सगळ्यांनी बघितलं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, आणि कर्नाटकात पहिली ते पाचवीचे वर्ग उघडले ते २५ ऑक्टोबर २०२१ ला. मधे 'विद्यागम' आला, शिक्षक गावात येऊन देवळाच्या मंडपात, समाज मंदिरात, झाडाखाली मुलांना घेऊन बसायचे. ऑक्टोबर २०२० मध्ये साथीच्या भीतीनं तेही थांबलं. त्या काळात मुलांचं काय झालं याची अझीम प्रेमजी विद्यापीठानं जानेवारी २०२१ मध्ये पाहणी केली. कर्नाटकासह पाच राज्यांतल्या सरकारी शाळांची दुसरी ते सहावीची १६,०६७ मुलं. त्यातली ९२ टक्के मुलं भाषेतलं, आधी येत असलेलं, निदान एक कौशल्य हरवून बसली होती. गणितात तसं ८२ टक्क्यांचं झालं होतं. पुढं २०२२-२३ मध्ये सरकारला 'कलिका चेतरिके' नावानं मागचं शिकवून घेण्याचा कार्यक्रम राज्यभर राबवावा लागला.

ही मुलं काय विसरली होती, ते तुमच्या कामाचं आहे. चित्र बघून किंवा आपल्यावर काय गुदरलं ते स्वतःच्या शब्दांत तोंडी सांगणं. ओळखीचे शब्द वाचणं. वाचलेलं समजणं. चित्रावरून चार साधी वाक्यं लिहिणं. गणितात आकडे ओळखणं, बेरीज-वजाबाकी, आणि ती रोजच्या हिशेबात वापरणं. यातलं नववी शिकलेल्या बाईला घरी जमणार नाही असं काय आहे? तुम्ही शिकवायला कमी पडत नाही. तुम्ही दुसरी शाळा चालवायला निघाला आहात, तीही रात्री नऊनंतर, आणि तिथं थकता आहात. धडा गुरुजींनीच शिकवायचा. तुमच्याकडून त्याला ऐकणारं माणूस हवंय.

रोज संध्याकाळी तुम्ही भाकरी थापायला बसता तेव्हा त्याला चुलीजवळ बसवा आणि मराठीचं पुस्तक मोठ्यानं वाचायला लावा. पंधरा मिनिटं पुरेत. लाईट नसली तर चुलीचा उजेड पुरणार नाही, तेव्हा अंधार पडायच्या आधी. तो चुकला की लगेच अडवू नका. एक परिच्छेद होऊ द्या, मग विचारा, 'म्हणजे काय झालं रे? मला सांग बघू.' वाचलेलं त्याला आपल्या शब्दांत सांगता आलं तर समजलं. सांगता आलं नाही तर 'परत वाच, मी पण नीट ऐकलं नाही' म्हणा. हे मी शाळेतही करत असे. मुलाला परत वाचण्याची लाज वाटली नाही की ते तिसऱ्यांदाही वाचतं. पुस्तकातले धडे संपले तर कुठून आलेला जुना 'तरुण भारत' असेल तो द्या, पुडक्याचा कागद असेल तर तोही चालेल. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात, ज्याला आता अरिवु केंद्र म्हणतात, सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना 'ओदुव बेळकु' या कार्यक्रमात फुकट सभासद करून घेतात. तिथं मराठी पुस्तकं नसतील तर चार आयांनी मिळून पंचायतीकडं लेखी अर्ज द्यावा. तोंडी मागणी विसरली जाते.

सासूबाईंना या कामात घ्या. त्या अभ्यासाच्या विरोधात आहेत असं मला पत्रावरून वाटत नाही, नातू मार खातो ते त्यांना बघवत नसावं. त्यांना गोष्ट सांगायला सांगा. जुन्या पुराची सांगू देत, जंगलातल्या गव्याची सांगू देत, त्यांच्या लग्नाची सांगू देत. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मुलानं तुम्हाला सांगायची आणि तिच्यातली चार वाक्यं वहीत लिहायची. शेर-पायलीचा हिशेबही आजीकडूनच शिकू द्या. चार शेरांची पायली, मग तीन पायल्या भात म्हणजे किती शेर, अर्धी पायली म्हणजे किती. घरात माप असेल तर हातात माप घेऊनच. ज्याला शाळेत 'शाब्दिक उदाहरणं' म्हणतात, ती हीच. तुम्ही बाजाराला जाता तेव्हा बसमध्ये 'शक्ती'चं, म्हणजे बायकांच्या मोफत प्रवासाच्या सरकारी योजनेचं, शून्य तिकीट मिळतं, ते फेकू नका. कुठून कुठं, किती वाजता, हे त्याच्याकडून वाचून घ्या.

आणि पाऊस मोजा. तुमच्याइतका पाऊस ज्याच्या दारात पडतो त्या मुलाला दुसरं साधन कशाला हवं? सरळ कडांचा एखादा पत्र्याचा डबा अंगणात मोकळ्या जागी ठेवा, वळचणीचं पाणी त्यात पडता कामा नये. रोज सकाळी एकाच वेळी पट्टीनं पाणी मोजायचं, किती मिलिमीटर ते तारखेसह लिहायचं, डबा रिकामा करून परत ठेवायचा. आठवड्यानं त्या आकड्यांचे उभे पट्टे काढायचे आणि सांगायचं, सगळ्यात जास्त कधी पडला, बुधवारपेक्षा गुरुवारी किती जास्त. दशमान, वजाबाकी, आलेख, सगळं त्यात येतं. मालकांनी रात्री आल्यावर 'आज किती पडला?' एवढं विचारलं तरी त्या वहीला घरात मान येतो.

मालकांचा विषय निघालाच आहे. पत्रात ते फक्त फोन घेऊन जाणारे आणि फोन घेऊन येणारे आहेत. ते दमून येतात, खरं आहे. पण पोराचं जेवण होईपर्यंत दहा मिनिटं त्याच्याजवळ बसणं कारखान्यातल्या माणसालाही जमतं, आणि बाप वही बघतो हे कळल्यावर मुलाच्या बसण्यात फरक पडतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ग्रुपवरचा अभ्यास त्यांनी कागदावर उतरवून घ्यावा. म्हणजे रात्री फोनभोवती घरभर धावपळ होणार नाही, रात्रीचा अभ्यास दुसऱ्या दिवशी उजेडात होईल आणि उत्तर एक दिवस उशिरा गेलं तरी काही बिघडत नाही. त्याहून बरं म्हणजे, जून संपता संपता गुरुजींना सांगून पावसाच्या दिवसांसाठीचा अभ्यास आधीच कागदावर मागून घ्या. जिल्हाधिकाऱ्यांची सुट्टी रात्री अचानक जाहीर होते, पण तुमच्याकडं पाऊस येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. शाळेच्या एसडीएमसीत, म्हणजे पालकांच्या शाळा समितीत, आयाही असतात. तिथं हा मुद्दा मांडा: ज्यांच्या घरी दिवसा फोन नाही अशा मुलांना कागदावर अभ्यास मिळावा. ही मागणी करणाऱ्या तुम्ही एकट्या असणार नाही.

आता कन्नड. तुम्हाला ते येत नाही म्हणून तुम्ही मोठीकडून लिहून घेता, आणि मुलगा त्या विषयातून पूर्णच बाजूला झालाय. उलट करा. त्याला म्हणा, 'मला कन्नड शिकव.' कन्नडची अक्षरं दिसायला वेगळी, पण त्यांची रांग आपलीच आहे. अ, आ, इ, ई, मग क, ख, ग, घ. बाराखडीही त्याच चालीची. फरक आहे तो ए आणि ओ यांच्यात. कन्नडमध्ये त्यांचं एक आखूड आणि एक लांब अशी दोन-दोन रूपं असतात, आणि मराठी घरातली मुलं तिथं हमखास अडखळतात. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला त्यानं कन्नड अक्षर काढावं, खाली मराठी, आणि तो कागद भिंतीला लावावा. तुम्ही रोज चार अक्षरं त्याच्याकडून शिका. हे नाटक म्हणून करू नका, खरंच शिका. मग घरात येणारं हेस्कॉमचं लाईट बिल, रेशन दुकानावरची पाटी, बियाण्याची पिशवी, बसचा बोर्ड, हे सगळं तुम्हा दोघांचं पाठ्यपुस्तक होईल. पुस्तकातला कन्नड धडा त्यानं वाचताना चूक-बरोबर तुम्हाला कळणार नाही, पण बोट कुठं थांबतं ते दिसेल. तिथं पेन्सिलीनं बारीक खूण करा. शाळा उघडली की तो त्या खुणा गुरुजींना दाखवील.

सीमाभागात कन्नडचं नाव निघालं की घरातल्या मोठ्यांचा आवाज बदलतो. १९५६ पासूनची ती जखम आहे, आणि माझ्याही घरात ती आहे. पण उद्या याच पोराला दहावीचा कन्नडचा पेपर द्यायचा आहे, शेताचा उतारा काढायचा आहे, कचेरीत कुणी पुढ्यात ठेवलेला कागद सही करण्याआधी वाचायचा आहे. ते त्याला वाचता आलं नाही तर त्यात मराठीचं काही भलं नाही. मराठीसाठी घरात रोज मराठी वाचलं जाऊ द्या. चौथीतलं मराठी पोरगं मराठी पुस्तक अडखळत वाचतं, याची मला जास्त काळजी आहे.

मारण्याबद्दल थोडंच लिहिते, कारण तुम्ही स्वतःहून सांगितलंत त्यातच तुम्हाला ते बोचतंय हे आलं. मार खाल्लेलं मूल बसतं, पण शिकत नाही, त्याचं सगळं लक्ष तुमच्या हाताकडं असतं. राग आला की अभ्यास तिथंच बंद करा आणि उठून जा. उद्या परत बसा. तो बसतच नसेल तर शेजारच्या दोन-तीन मुलांना एकत्र बोलवा, आज तुमच्या पडवीत, उद्या त्यांच्या. चौथीच्या वयात सोबत्याबरोबर बसलेलं मूल एकट्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ टिकतं.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडं येते, आणि मला त्याच गोष्टीबद्दल सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतंय. तुमचं सगळं पत्र मुलाबद्दल आहे. मोठीसाठी एक वाक्य आहे: तिचं काही बघावं लागत नाही. ताई, शाळा तिचीही बंद आहे. ती भावाचं कन्नड लिहिते, तुम्ही लावणीला गेल्यावर स्वयंपाक-पाणी बघते, भावाला सांभाळते. मग तिची वही ती कधी लिहिते? दिवसा फोन नाही, रात्री फोन आला की तो भावाच्या होमवर्कला लागतो. तिचा होमवर्क ग्रुपवर येतो तो कोण उघडतं? शहाण्या मुलीचं मागं पडणं दिसत नाही, कारण ती तक्रार करत नाही आणि आदळआपट करत नाही. तुम्ही तिला शहाणी म्हणता तेव्हा तिला तेच टिकवून धरावंसं वाटतं.

कोरोनानंतर मोठे वर्ग उघडले तेव्हा जी बाकं रिकामी राहिली, त्यांवर बसणाऱ्या मुली मी ओळखत होते. त्यातल्या बहुतेक घरात अतिशय उपयोगी पडणाऱ्या मुली होत्या. कुणी त्यांना 'शाळा सोड' असं म्हटलं नव्हतं. सुट्टीत घराचं काम त्यांच्या अंगावर आलं, घराला त्याची सवय झाली, आणि शाळा उघडली तेव्हा 'चार दिवसांनी जाशील' असं म्हणता म्हणता त्या गेल्याच नाहीत. पावसाळी सुट्ट्या त्या मानानं लहान, पण सवय अशाच लहान सुट्ट्यांत लागते.

म्हणून तिच्यासाठी दिवसातला एक तास पक्का ठेवा. त्या तासात तिला कुणी हाक मारायची नाही, पाणी आणायला नाही, चहाला नाही, भावाच्या अभ्यासालाही नाही. तिच्या वाटणीची दोन कामं त्या वेळी मुलानं करावीत. केर काढणं आणि भांडी विसळणं चौथीच्या मुलाला व्यवस्थित जमतं. सासूबाई कुरकुरतील. मालकांनी एकदा आईला सांगितलं तर ते लवकर पचेल, म्हणून हे त्यांच्याकडूनच सांगवा. लावणीच्या दिवसांत ज्या दिवशी शाळा सुरू असेल त्या दिवशी मोठी घरी राहणार नाही, एवढं आधीच ठरवून टाका. ऐन वेळी ठरवायला गेलात तर शेताची ओढच जिंकते.

आणि तिची सातवी आहे हे विसरू नका. आपल्याकडं बऱ्याच गावांतली शाळा सातवीला संपते, आठवी हायस्कूलची, म्हणजे दुसऱ्या गावी. तुमच्या गावचं तसंच असेल तर येत्या मे महिन्यापर्यंत थांबू नका. आत्ताच्या सुट्ट्यांतच गुरुजींना विचारा, तिचं गणित आणि कन्नड हायस्कूलला झेपेल इतकं आहे का, कुठं कच्चं आहे. मराठी माध्यमाचं जवळचं हायस्कूल कुठलं, तिथं तुमच्या गावातल्या आणखी कोणत्या मुली जातात, हे काढून ठेवा. दोघी-तिघी बरोबर असल्या की घरच्यांचा जीव थाऱ्यावर राहतो. 'शक्ती' योजनेत मुलींनाही तिकिटाचे पैसे पडत नाहीत, तेव्हा भाड्याची अडचण नाही. अडचण येते ती वेळांची. हायस्कूल बघायला जाल तेव्हा तिला बरोबर न्या, आणि सकाळच्या बसची चौकशी करण्याआधी पावसाळ्यात संध्याकाळी गावाकडं परतणारी शेवटची बस कितीला सुटते आणि ओढ्याला पाणी असलं तर कुठपर्यंत येते, ते विचारून घ्या.